भुताचे पिक्चर कानांनी बघायचे असतात

जुना भयपट किंवा विज्ञानपट पहिल्यांदा बघणाऱ्याची तक्रार ठरलेली असते: भीती वाटली नाही, उलट हसू आलं. राक्षसाचा मुखवटा रबराचा, यान पत्र्याचं, वटवाघळाची दोरी सरळ दिसते. तक्रार खोटी नाही. त्या काळी पडद्यावर दाखवता येण्याजोगं मोजकंच होतं आणि पिक्चर करणाऱ्यांना ते पुरतं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी सगळी कारागिरी आवाजात ओतली. दाराबाहेरची पावलं, दुरून येणारं गाणं, कुठल्या वाद्याचा आहे हेच कळू न देणारा सूर. आपण मात्र हे पिक्चर बघतो कुठे? फोनवर, अर्ध्या आवाजात, विरार फास्टमध्ये उभ्यानं. मग पदरात पडतो तो रबराचा मुखवटाच.

मुंबईत राहून, घरच्या टीव्हीवर आणि जमेल तेव्हा टॉकीजमध्ये हे पिक्चर बघायचे असतील तर कुठून सुरुवात करावी, याचा हा क्रम. पूर्वी टीव्हीवर तुकड्यातुकड्यांत बघितलेल्यांनीही पुन्हा याच क्रमानं जायला हरकत नाही.

पायरी १ : आधी घराचा बंदोबस्त

रात्री साडेदहाच्या आत सुरू करू नका. तोवर शेजारी कुकरच्या शिट्ट्या चालू असतात आणि खाली हॉर्न. पावसाळी रात्र भुताच्या पिक्चरला छान, असं सगळ्यांना वाटतं. पण खिडकीवरच्या पत्र्यावर सर आपटायला लागली की पडद्यावरची कुजबुज बुडते. आपल्याकडे खरा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा, कारण तेवढेच दिवस पंखा बंद ठेवून बसता येतं. पंख्याची घरघर किती आवाज खाते, हे तो बंद केल्याशिवाय कळत नाही. गणपती आणि नवरात्रात हा नादच सोडावा.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन तीन गोष्टी करा. चित्र गुळगुळीत करणारी मोशन स्मूदिंगची सोय बंद करा, नाहीतर १९४९चा पिक्चर कालच्या मालिकेसारखा दिसतो. जुनं चित्र जवळपास चौकोनी असतं, त्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. ते येऊ द्या, झूम करून पडदा भरू नका, डोकी कापली जातात. आणि सराउंड साउंड बंद करा. यातले बहुतेक जुने पिक्चर मोनोचे आहेत, एकाच स्पीकरसाठी केलेले. त्यांना ओढूनताणून खोलीभर पसरवलं की संवाद पोकळ ऐकू येतात.

घरची माणसं झोपली असतील तर हेडफोन लावा, शक्यतो वायरचा. साध्या ब्लूटूथवर आवाज ओठांच्या मागे रेंगाळतो आणि दार आपटल्याचा धक्का दार आपटून झाल्यावर बसतो.

पायरी २ : प्रत कुठली आहे ते बघा

फुकट मिळणाऱ्या प्रतींमध्ये गाणी उडवलेली असतात, कधी शेवटची दहा मिनिटंच नसतात. आधी पिक्चरची मूळ लांबी शोधा आणि समोरच्या प्रतीशी ताडून बघा. कृष्णधवल पिक्चरला नंतर रंग फासलेला असेल तर ती प्रत सोडा. त्या पिक्चरची निम्मी भीती सावलीत असते आणि रंगवणारे सगळ्यात आधी सावलीच धुऊन टाकतात.

परदेशी पिक्चरांत ही भानगड जास्त आहे. 'मेट्रोपोलिस' (१९२७) प्रदर्शनानंतर लगेच कापला गेला होता. २००८ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये त्याची बरीच मोठी प्रत सापडली आणि २०१० मध्ये सुमारे अडीच तासांची दुरुस्त आवृत्ती आली. तीच घ्या. 'ब्लेड रनर'च्या १९८२च्या मूळ आवृत्तीत नायक मधूनमधून निवेदन करत राहतो. १९९२च्या आवृत्तीतून ते काढलं आणि २००७च्या 'फायनल कट'मध्येही ते नाही. नव्यानं बघणाऱ्यानं २००७ची घ्यावी. निवेदन गेल्यावर त्या शहराचा पाऊस आणि भोंगे ऐकू येतात.

मूकपटांचं थोडं वेगळं. 'नोस्फेरातू' (१९२२) प्रत्येक ठिकाणी वेगळ्या संगीतासह मिळतो, कारण पडद्यावरून आवाज येतच नव्हता, संगीत थिएटरात वाजायचं. पहिली पाच मिनिटं दोन-तीन प्रतींची ऐका आणि जी कानाला खुपत नाही ती ठेवा. खरं तर हा पिक्चर आज आपल्यापर्यंत आलाय हेच नवल. गोष्ट न विचारता 'ड्रॅक्युला'वरून उचलली म्हणून त्या कादंबरीचा लेखक ब्रॅम स्टोकर याच्या पत्नीनं खटला भरला आणि कोर्टानं सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या होत्या, काही वाचल्या.

पायरी ३ : पहिला पिक्चर 'महल'

दुसरा कुठलाही नको. कमाल अमरोहींचा हा १९४९चा पिक्चर मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा. त्या स्टुडिओच्या आवारात आज गाळे आणि कारखाने आहेत. अशोककुमार एका जुन्या हवेलीत राहायला येतो, भिंतीवरच्या तसबिरीत त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो, आणि रात्री कुणीतरी गायला लागतं. गोष्ट याहून जास्त सांगणार नाही. तुम्हीही मध्येच फोन काढून शोधू नका. या घराण्याच्या पिक्चरांचा सगळा जीव 'भूत आहे की नाही' या एका प्रश्नात असतो.

'आएगा आनेवाला' तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. तरी ते गाण्यांच्या यादीतून ऐकणं वेगळं आणि हवेलीत ऐकणं वेगळं. सुरुवातीचा संथ, तालाशिवायचा तुकडा येतो तेव्हा आवाज लांबून येतो आणि हळूहळू जवळ सरकतो. असं म्हणतात की लता मंगेशकरांना मायक्रोफोनपासून दूर उभं केलं आणि गात गात त्याच्या दिशेनं चालत यायला लावलं. त्या काळी हा परिणाम साधणारं यंत्र नव्हतं. अंतर पाहिजे होतं, ते अंतर पायांनी तोडलं. पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी', म्हणजे पिक्चरमधल्या पात्राचं! गाणारी कोण हे लोकांनी रेडिओ स्टेशनला विचारून काढलं, असा किस्सा आहे. संगीतकार खेमचंद प्रकाश पिक्चर लागल्यावर वर्षभराच्या आत गेले.

गाण्याखेरीज घड्याळाच्या ठोक्यांकडे लक्ष ठेवा, आणि कॅमेरामन जोसेफ वर्शिंग या जर्मन माणसाच्या प्रकाशाकडेही. मधुबालाचा चेहरा किती वेळा अर्धाच दिसतो ते बघा. दुसऱ्या तासात पिक्चर रेंगाळतो, ते सोसा.

'महल'चं संकलन बिमल रॉय यांचं होतं. नऊ वर्षांनी त्यांनी स्वतः 'मधुमती' केला. कथा ऋत्विक घटक यांची, संगीत सलील चौधरींचं. तो दुसऱ्या आठवड्यात. 'बीस साल बाद' (१९६२) आणि 'वो कौन थी?' (१९६४) मग ओघानं येतात. चौघांत रात्री ऐकू येणारं बाईचं गाणं आहे, आणि चारही वेळा आवाज लताबाईंचाच आहे. पन्नास-साठच्या दशकातल्या हिंदी भुताला चेहरे अनेक होते, गळा बहुतेक वेळा एकच.

पायरी ४ : 'पाठलाग' आणि 'मेरा साया'

मराठी माणसाला हा सराव आयता मिळालाय. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' १९६४ मध्ये आला आणि दोन वर्षांनी राज खोसलांनी त्यावरून 'मेरा साया' केला. शनिवारी एक, रविवारी दुसरा, असे लागोपाठ बघा. 'या डोळ्यांची दोन पाखरे' आणि 'तू जहाँ जहाँ चलेगा' ही दोन गाणी गोष्टीत एकच काम करतात. कल्पनाही तीच: मी गेले तरी माझं असणं तुझ्या मागे फिरत राहील. पण आशाबाईंचं मराठी गाणं घरातल्या माणसानं कानाशी सांगितल्यासारखं आहे आणि मदनमोहनांचं हिंदी गाणं एखाद्या मोठ्या वाड्याच्या सज्जातून आल्यासारखं. कुठलं जास्त छळतं ते आपलं आपण ठरवा. माझं मत मराठीला.

इथेच 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) घालून टाका. 'गोमू संगतीनं' लग्नाच्या वरातीपर्यंत पोचलं, त्यामुळे पिक्चर भीतीबद्दल आहे हेच लोक विसरले. त्यातलं सुधीर मोघे यांचं, हृदयनाथ मंगेशकरांनी बांधलेलं आणि महेंद्र कपूर यांनी गायलेलं 'रात्रीस खेळ चाले' शांतपणे ऐका. आशा काळे यांचं पात्र ज्याला घाबरतं ते बाहेर आहे की आत, हा पिक्चरचा प्रश्न आहे, आणि गाणं तो सोडवत नाही, नुसता टोकदार करतं.

पायरी ५ : न दिसणारं भूत

आता एक परदेशी पिक्चर, एकच. रॉबर्ट वाइजचा 'द हॉन्टिंग' (१९६३). पाच पैशांचं भूत दाखवलेलं नाही. दोन बायका रात्री खोलीत बसल्यात आणि बाहेरच्या व्हरांड्यातून कुणीतरी भिंती ठोकत येतंय, बस. पुढे एका दृश्यात लाकडी दार आतल्या बाजूला फुगतं. तेवढ्यासाठी पंखा बंद करायला सांगितलं होतं.

बघून झालं की सराव करा. कुठलाही पाच मिनिटांचा प्रसंग निवडा. आधी जसा आहे तसा बघा, मग आवाज पूर्ण बंद करून, मग टीव्हीकडे पाठ करून नुसता ऐका. आवाज बंद केल्यावर त्या बायका विनाकारण घाबरलेल्या वाटतात. पाठ फिरवल्यावर मात्र मान वळवाविशी वाटते. यापुढच्या प्रत्येक पिक्चरमधला एक प्रसंग असा तिनदा घ्या. वही-पेनाची गरज नाही, पण 'कशानं दचकलो' हे त्याच रात्री कुणाला तरी सांगून ठेवलं तर लक्षात राहतं.

पायरी ६ : मग आकाशाकडे

वाइजनंच बारा वर्षं आधी 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' (१९५१) केला होता, म्हणून भुतांकडून विज्ञानाकडे जायचा पूल हाच. वॉशिंग्टनमध्ये परग्रहावरची उडती तबकडी उतरते. यान साधंच आहे. ते परकं वाटतं ते बर्नार्ड हरमनच्या संगीतामुळे. त्यात थेरेमिन नावाचं वाद्य आहे, ज्याला हात लावायचाच नसतो, दोन अँटेनांजवळ हवेत हात हलवायचे की सूर निघतो. पुढे विज्ञानपट म्हटलं की तोच कण्हणारा सूर, असं होऊन बसलं. 'फॉरबिडन प्लॅनेट' (१९५६) त्याच्या पुढे गेला: लुई आणि बेबी बॅरन या नवरा-बायकोनं स्वतः जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटांमधून सगळं संगीत काढलं. श्रेयनामावलीत त्याला 'संगीत' म्हटलेलंच नाही. त्यातला राक्षस अदृश्य आहे आणि येतो तो आवाजातूनच.

स्पीलबर्गचा 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' (१९७७) मुंबईकरानं जरा जास्तच आपुलकीनं बघावा. त्यात एक प्रसंग आहे: डोंगराळ भागात हजारो माणसं जमलीत आणि एकच पाच सुरांची धून पुन्हा पुन्हा गातायत. विचारलं जातं, हा सूर आला कुठून? सगळ्यांचे हात एकदम आकाशाकडे जातात. पडद्यावर ठिकाण उत्तर भारतातलं धर्मशाला सांगितलंय. चित्रण झालं आपल्या खालापुरात, खोपोलीजवळच्या हाळ गावात. एक्स्प्रेसवेनं पुण्याला जाताना तुम्ही तिथूनच पुढे जाता. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो या पिक्चरमध्ये नट आहे, तोही या प्रसंगात दिसतो. आणि गंमत बघा, अख्खा पिक्चर त्या पाच सुरांवर उभा आहे. परग्रहावरच्या पाहुण्यांशी बोलायची भाषाही तीच.

'२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) यानंतरच घ्या. पहिल्या सुमारे पंचवीस मिनिटांत एकही संवाद नाही, शेवटीही बराच काळ कुणी बोलत नाही, आणि यानाबाहेर अंतराळात कधी नुसता श्वास ऐकू येतो, कधी तोही नाही. पहिलाच पिक्चर म्हणून लावलात तर अर्ध्यात झोपाल आणि दोष पिक्चरला द्याल. तारकोव्हस्कीचा 'सोलारिस' (१९७२) त्याच्याही नंतर.

पायरी ७ : अदृश्य माणसाची साखळी

माणूस दिसेनासा झाला की उरतो त्याचा आवाज. 'द इनव्हिजिबल मॅन' (१९३३) मध्ये क्लॉड रेन्सचा चेहरा दिसतो तो अगदी शेवटी. तोवर सगळी दहशत घशातून. चार वर्षांनी विजय भट्ट यांनी मुंबईत 'ख्वाब की दुनिया' केला, तो याच पिक्चरवरून सुचला होता. त्यातल्या करामती बाबूभाई मिस्त्रींच्या. काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्यानं वस्तू हलवल्या, आणि इंडस्ट्रीत त्यांना 'काला धागा' हेच नाव पडलं. मग 'मिस्टर एक्स इन बॉम्बे' (१९६४). पिक्चर म्हणून कच्चा आहे, 'मेरे महबूब क़यामत होगी' पुरता बघितलात तरी चालेल. आणि १९८७चा 'मिस्टर इंडिया', ज्यात नायक लाल उजेडात दिसतो, ही मात्र डोळ्यांसाठी केलेली युक्ती.

घरात लहान मुलं असतील तर साखळीतला हा शेवटचा पिक्चर त्यांच्यासोबत बघा. 'झपाटलेला' (१९९३) विनोदी म्हणून सरळ लावू नका. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचूचा बाहुला अजूनही पोरांची झोप उडवतो, आणि मग आठवडाभर बाहुल्या कपाटात कोंबाव्या लागतात.

पायरी ८ : रामसे, एकट्यानं बघायचे नाहीत

भुताचे पिक्चर काढणारं रामसे कुटुंब कराचीहून मुंबईत आलं, वडिलांचं लॅमिंग्टन रोडवर रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान होतं. सात भावांनी कामं वाटून घेतली: तुलसी आणि श्याम दिग्दर्शनात, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजावर, बाकीचे लेखन-संकलन-निर्मितीत. 'दो गज़ ज़मीन के नीचे' (१९७२) महाबळेश्वरला घरचीच माणसं घेऊन केला. 'पुराना मंदिर' (१९८४) जोरात चालला. त्यातला सामरी हा राक्षस झालेला अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणानं इंजिनिअर होता.

यांना हसणं सोपं आहे. हसाच, पण चार मित्र जमवून, भेळ आणून. विनोदाचे तुकडे पुढे ढकला, ते तेव्हाही कुणाला आवडत नसावेत. नंतर दार उघडतानाचा करकराट ऐका. भिंती पुठ्ठ्याच्या होत्या, करकराट मात्र खराखुरा सागवानी. अगदी दुसरं टोक बघायचं तर विकास देसाई-अरुणा राजे यांचा 'गहराई' (१९८०). लिखाणात विजय तेंडुलकर, घरातले वडील डॉ. श्रीराम लागू. मुखवटा नाही, हवेली नाही, मध्यमवर्गीय घर आहे आणि त्यातली मुलगी वेगळ्याच आवाजात बोलू लागते. लहान मुलांना यापासून लांब ठेवा. आणि टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी रामगोपाल वर्मांचा 'भूत' (२००३) बघावा. एकही गाणं नाही; लिफ्ट आणि जिना पुरतात.

पायरी ९ : एकदा तरी टॉकीज

घरचा बंदोबस्त कितीही केला तरी तीनशे माणसांनी एकाच वेळी श्वास रोखल्याचा आवाज घरात मिळत नाही. 'तुंबाड' २०१८ मध्ये आला तेव्हा बऱ्याच जणांनी तो नंतर फोनवर बघितला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा थिएटरात लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. त्यातला पाऊस घरच्या स्पीकरवर मावत नाही.

जुने पिक्चर मोठ्या पडद्यावर कुठे? 'प्रभात चित्र मंडळ' १९६८ पासून मुंबईत जगभरचे पिक्चर दाखवतंय. सभासद व्हा, महिन्याचा कार्यक्रम कळत राहील. जुन्या जर्मन पिक्चरांसाठी काळा घोड्याच्या मॅक्समुल्लर भवनावर नजर ठेवा. फिल्म हेरिटेज फाउंडेशन दुरुस्त केलेल्या प्रतींचे खेळ करतं, त्यांतले काही कुलाब्याच्या रीगलला होतात, आणि १९३३चं रीगल हेच मुळात अशा पिक्चरांच्या वयाचं थिएटर आहे. पेडर रोडच्या गुलशन महलमधलं भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय दुपारभर पुरतं. निघण्याआधी सुट्टीचा वार बघून घ्या. पोस्टरची हौस असेल तर चोरबाजारातली मटन स्ट्रीट आहेच, फक्त 'ओरिजिनल' म्हणून हातात दिलेल्या पोस्टरची घडी तपासा. जुना कागद घडीवर फाटत आलेला असतो, कोरा करकरीत असेल तर नव्यानं छापलेला समजा आणि भाव पाडा.

खेळाला वेळेआधी पोचा. या पिक्चरांत सुरुवातीची नामावलीच वातावरण बांधते, आणि उशिरा येणाऱ्याच्या टॉर्चचा उजेड सगळ्यांचा रंग उडवतो. बसायला मधल्या रांगा धरा.  रात्रीचा खेळ असेल तर लांबी आधी बघून ठेवा. 'मधुमती' जवळपास तीन तासांचा आहे, मध्यंतर धरून त्याहून जास्त. साडेनऊला सुरू झाला तर चर्चगेटहून शेवटची बोरिवली धरायला शेवटच्या गाण्यात उठावं लागेल. त्यापेक्षा रविवारचा दुपारचा खेळ घ्या.